खोली कोणाच्या नावावर?

(मंचर येथे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय, मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यात घर घ्यावं का. विषय उगाच काढलेला नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या बऱ्याच घरांचा एक पाय डोंगरी, माझगाव, भेंडी बाजार, मस्जिद बंदर या पट्ट्यात असतो. कुणाचे आजोबा गोदीत होते, कुणाचे भायखळ्याच्या भाजी मार्केटात. आता पोरं शिकली, पगार यायला लागला आणि मला फोन येतात, "भाई, डोंगरीत खोली मिळतेय, पागडीची आहे, घेऊ का?"

आधी सांगतो, मी वकील नाही. कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या घरातल्या एका खोलीमुळे मला कायदे वाचावे लागले, वकिलांच्या ऑफिसात तासन्‌तास बसावं लागलं, त्यातून जे कळलं ते सांगणार आहे. सही करण्याआधी आपापला वकील बघा.

घाटावरच्या माणसाचं समुद्राशी नातं जुनंच आहे. नाणेघाट आपल्या उशाला. त्या वाटेने माल कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदराकडे जायचा. जुन्नर शहरात आजही एक कल्याण पेठ आहे. मुंबईत आपले लोक गेले तेही बंदराच्याच बाजूला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आलं, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झालं, पुढे व्हिक्टोरिया डॉक. समुद्र भरून काढला तसा डोंगरी-माझगावचा किनारा पुढे सरकत गेला, आणि जो मजूर, जो हमाल, जो खलाशी गोदीत चालत जाऊ शकेल त्याच्यासाठी या चाळी उभ्या राहिल्या. आज तिथे खिडकीतून समुद्र दिसत नाही. पण भाऊचा धक्का पायी गाठता येतो.

आणि खरं सांगू का, तो भाग मला आवडतो. जे. जे. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, सँडहर्स्ट रोड स्टेशन जवळ, शाळा, मशीद, बाजार सगळं पायाखाली. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीजवळून एकदा फिरून आलेला माणूस ते विसरत नाही. शिवाय आणखी एक सोय आहे, जिच्याबद्दल आपण मोठ्याने बोलत नाही. तिथे घर शोधताना कुणी नाव ऐकून फोन ठेवत नाही. मी पुण्यात भाड्याने घर शोधत होतो तेव्हा एजंट फोनवर पगार विचारायचा, कंपनी विचारायचा, खूश व्हायचा. मग नाव विचारायचा. मग म्हणायचा, "सर, ओनरला विचारून कळवतो." ओनर अजून विचारात आहे! तुमच्यातले हसले त्यांना हा अनुभव आलाय, हे मला कळतं.

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मिश्र वस्ती सोडून आपल्या माणसांच्या वस्तीत आली. मुंब्रा आणि मिरा रोड त्यातूनच फुगले. त्यामुळे जुन्या मोहल्ल्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीची जी किंमत सांगितली जाते तिच्यात विटांची किंमत थोडी आणि भीतीची किंमत जास्त असते. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण विकणाऱ्याला ती दिसते, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक कागद नीट बघत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पागडीची खोली घेतो म्हणजे तुम्ही नक्की काय घेता?

आमच्या धंद्यात एकाच फाईलवर चार जणांची नावं असतात. एकाला ती फक्त वाचता येते, एकाला बदलता येते, पुसून टाकायचा अधिकार एखाद्याकडेच असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चौघंही मालक. घराचं असंच आहे. पागडीत तुम्ही भाडेकरूचा हक्क विकत घेता. जमीन घरमालकाची, इमारत घरमालकाची, तुमच्या हातात भाडेपावती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. घरमालकाला त्यात परवडेना, म्हणून तो खोली देताना हातावर एकरकमी पैसे घ्यायला लागला. तीच पागडी. त्या कायद्याने ती घेणं गुन्हा होता, तरी पन्नास वर्षं सगळी मुंबई ते करत होती. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने ही देवघेव कायदेशीर केली. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करायलाही परवानगी मिळाली.

म्हणजे पागडी बेकायदा नाही. पण तिच्यात घरमालक हा कायमचा तिसरा माणूस असतो. खोली विकताना त्याची संमती लागते, आणि त्याबद्दल तो वाटा घेतो, रूढी साधारण एक तृतीयांशाची. संमती नसेल तर पावती तुमच्या नावावर होत नाही, आणि पावती नाही तर तुम्ही तिथे कोण? "पावती जुन्याच नावावर राहू दे भाई, इथे सगळ्यांचं असंच चालतं," असं कुणी म्हणालं की उठा आणि चहाचे पैसे देऊन निघा. बँक पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाही, त्याचंही कारण हेच. तारण ठेवायला मालकीच नाही.

गावाकडच्या लोकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवा. त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सयुक्तिक कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल, तर घरमालक ती परत मागायला कोर्टात जाऊ शकतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तरी जाऊ शकतो. आपल्याकडे काय होतं? खोलीला कुलूप, माणसं नारायणगावात, किल्ली शेजारच्या खालाजानकडे. दोन ईदला जाऊन झाडून यायचं. किंवा गुपचूप भाड्याने द्यायची. गुंतवणूक म्हणून पागडी घेणाऱ्याचे हे दोन्ही रस्ते धोक्याचे आहेत. राहायचं असेल तर घ्या. नुसती धरून ठेवायची असेल तर घेऊ नका.

आता ती आमच्या घरातली खोली. माझ्या दादांची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची, माझगावात होती. दादी आधीच गेली होती. दादा गेले तेव्हा मागे दोन मुलगे आणि एक मुलगी, माझी फुफी. चाचा दादांजवळ राहायचे, अब्बा गावाला, फुफीचं सासर घोडेगावला. पावती चाचांच्या नावावर झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी ती खोली दिली, पैसे आले, तेव्हा फुफीने विचारलं, "माझ्या बापाच्या खोलीत माझं काही आहे का?"

शरियतने हिशेब केला तर मुलाला दोन, मुलीला एक, म्हणजे तिचा पाचवा हिस्सा. पण भाडे कायदा वेगळं सांगतो. भाडेकरू वारला तर भाडेदारी त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जाते. असा कुणी नसेल तरच इतर वारसांचा प्रश्न येतो, आणि त्यांचं एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. ही तरतूद राहत्या माणसाला रस्त्यावर येण्यापासून वाचवण्यासाठी आहे आणि तिचा हेतू चांगला आहे. मृत्युपत्राने सुद्धा अशी भाडेदारी बाहेरच्याला देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९४ साली वसंत पंडित विरुद्ध अनंत सबनीस या खटल्यात म्हटलंय. तेव्हा वडीलधाऱ्यांनी फुफीला सांगितलं, "बेटी, कायदाच असा आहे, आम्ही काय करणार."

ठीक. पण याच माणसांनी काही वर्षांपूर्वी गावच्या घराच्या वेळी तिला काय सांगितलं होतं? तिथे तर वारसाहक्काने तिचा हिस्सा होताच. तेव्हा म्हणाले, "बहीण भावाकडे मागत नाही, आपल्यात तशी पद्धत नाही." आणि हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला. म्हणजे जिथे शरियत तिच्या बाजूने होती तिथे रिवाज पुढे आला, आणि जिथे रिवाजाची गरज नव्हती तिथे सरकारी कायदा पुढे आला. तीन कायदे, आणि प्रत्येक वेळी नेमका तोच निवडला गेला ज्यात बाईला काही मिळत नाही. माझ्या कुटुंबात दुष्ट माणसं नाहीत. चाचांनी मला खांद्यावर बसवून मोहरम दाखवलाय. त्यांना तो अन्याय दिसलाच नाही, आणि मला जास्त त्रास त्याचाच होतो.

मुला-मुलीला बरोबरीचा हिस्सा असावा, असं माझं मत आहे. तुमच्यातल्या काहींचं नसेल, त्यावर आपण वाद घालू. पण जो अर्धा हिस्सा दीनने दिला असं आपण भाषणात अभिमानाने सांगतो, तो तरी कागदावर दिसतो का? आणि बापाला मनापासून बरोबरीने द्यायचं असेल तर हिबाचा रस्ता आहेच. हयातीत स्वतःच्या मालकीचं घर मुलीला बक्षीस देता येतं. देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं आणि ताबा द्यायचा, या तीन गोष्टी पूर्ण झाल्या की मुस्लिम कायद्यात तोंडी हिबाही चालतो. मी मात्र म्हणेन, लिहा आणि नोंदवा. तोंडी हिबाचे साक्षीदार म्हातारे होतात, आणि सुनांच्या आठवणी वेगळ्या असतात. पागडीच्या खोलीचा हिबा मात्र घरमालकाला वगळून करता येणार नाही, कारण ती तुमची नाहीच.

आता इमारतीबद्दल. दक्षिण मुंबईतल्या या जुन्या इमारती बहुतेक उपकरप्राप्त आहेत, लोक त्यांना सेस बिल्डिंग म्हणतात. १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर लावला तेव्हा अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यातल्या १६ हजारांवर 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. त्या आज पंचाऐंशी वर्षांच्या पुढे आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. तिला आधीच धोकादायक ठरवलेलं होतं. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीजवळ पुन्हा तेच. पडलेला भाग मूळ इमारतीला जोडून बेकायदा उभा राहिला होता, असं म्हाडाने सांगितलं. आत राहणाऱ्यांना आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला झोपतोय याची कल्पना किती असेल?

तरी माणसं धोकादायक इमारत सोडत नाहीत. बाहेरून आपल्याला हा वेडेपणा वाटतो. पण संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांची पोरं तिथेच लग्नाला आली, हे त्यांनी बघितलंय. खोली सोडली तर हक्क सुटेल ही त्यांची भीती आहे. म्हणून खोली बघायला जाताना आधी विचारा, इमारत उपकरप्राप्त आहे का, कोणत्या वर्गातली आहे, म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते त्यात तिचं नाव आहे का. जमीन कुणाची आहे तेही. माझगावच्या बाजूला पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या भाडेपट्ट्याच्या जमिनी आहेत, काही इमारती ट्रस्टच्या, काही वक्फच्या. वक्फची मालमत्ता विकता येत नाही. "कमिटी आपलीच आहे" या वाक्याला कोर्टात किंमत नाही.

एजंट तुम्हाला मोठं स्वप्न दाखवतो ते पुनर्विकासाचं. "आज एकशे वीस फूट घे, उद्या टॉवरमध्ये तीनशे फुटांचा मालकीचा फ्लॅट." यात तथ्य आहे. विकास नियमावलीच्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारतीतल्या रहिवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट घर मालकी हक्काने मिळतं, आणि त्यासाठी आता ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. भेंडी बाजारात तर सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ पासून साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास इमारतींचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला. सुमारे ३,२०० कुटुंबांचा तो प्रकल्प आहे, आणि पहिल्या टप्प्यातले टॉवर उभेही राहिलेत. पण त्यामागे एक संघटित जमात आणि तिचा पैसा आहे. प्रत्येक गल्लीच्या मागे तसं कुणी नाही. शिवाय एक तारीख लिहून घ्या, १३ जून १९९६. त्यानंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी ३३(७) मध्ये धरली जात नाही. एका खोलीत प्लायवूड मारून दोन केल्या आणि दुसरी तुम्हाला विकली, तर टॉवरमध्ये फ्लॅट एकच मिळेल आणि तो तुमचा नसेल.

आणि इथेच फुफीचा प्रश्न पुन्हा येतो. भाडेकरूचा हक्क पुनर्विकासात मालकी होतो. पावतीवर असलेलं नाव पात्र भाडेकरूंच्या यादीत जातं, यादीतलं नाव करारात जातं, आणि करारातलं नाव मालक होतं. आई जिने तीस वर्षं त्या खोलीत स्वयंपाक केला, ती कुठेच नसते. हे थांबवायची वेळ करारावर सही होते तेव्हाची नाही, त्याच्या खूप आधीची आहे. घरमालकाच्या संमतीने पावतीवर दोन नावं घालता येतात. खोली घेतानाच ती अट घाला, कारण त्या दिवशी पैसे तुमच्या हातात असतात आणि घरमालक गोड बोलत असतो.

एक नाजूक मुद्दा बोलतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना व्याजाचं कर्ज नको असतं. मी त्यावर फतवा देणार नाही, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं. पण व्याज नको म्हणून माणूस पागडीकडे वळतो, तिथे रोख देतो, आणि रोख दिली म्हणून पावती निम्म्याची घेतो. उरलेली निम्मी रक्कम कुठेच नाही. वाद झाला तर काय दाखवाल? आयकर कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. तेही सोडा. सूरह अल-बकराची २८२ वी आयत कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे, आणि ती आहे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदारांबद्दल. व्याजाबद्दल इतका काटेकोर असणारा माणूस तिच्याकडे दुर्लक्ष कसा करतो, हे मला कळत नाही.

मुंबईबद्दल बरंच बोललो. आता इथलं. जुन्नर कधीकाळी कागदासाठी प्रसिद्ध होतं. जुन्नरी कागद मुसलमान कागदी बनवायचे, आणि लोकांची दफ्तरं त्या कागदावर लिहिली जायची. मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी काही काळ इथे आणली होती, हेही आपण छाती काढून सांगतो. पण आपल्या स्वतःच्या वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर कुणाचं नाव आहे? मी हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेकांचं उत्तर पणजोबांच्या आसपास थांबतं. दोन पिढ्यांची वारस नोंद नाही. घरात सोळा हिस्सेदार, त्यातले चार मुंबईत, एक दुबईत, आणि सहा बहिणी ज्यांना कुणी मोजलेलंच नाही. अशा वाड्यातला एक भाग चुलतभावाकडून स्टॅम्प पेपरवर 'घेतला' म्हणजे घेतला होत नाही. महाभूलेखवर मिळकत पत्रिका बघा, दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घ्या, इंडेक्स टू काढा. जागा दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या इनामाची नाही ना, तेही बघा. शिवनेरी किंवा लेण्यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाजवळ असाल तर पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. घर स्वस्त का मिळतंय याचं उत्तर कधी कधी या तीनशे मीटरमध्ये असतं.

गावठाणातल्या मुलींनो, तुमच्यासाठी आत्ता एक संधी आहे. आतापर्यंत गावठाणातल्या घरांना ग्रामपंचायतीच्या उताऱ्यापलीकडे फारसा कागद नव्हता. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला, पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजना देशभर आली, आणि आता गावोगाव घरांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आणि सनदा मिळतायत. म्हणजे नावं पहिल्यांदाच लिहिली जातायत. चौकशीची नोटीस येते तेव्हा घरातले पुरुष जाऊन नावं सांगून येतात. त्या दिवशी तुम्हीही जा, अम्मीला घेऊन जा. एकदा लिहिलेलं बदलायला आयुष्य जातं. नाणेघाटाच्या गुहेतला तो लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो, दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईच्या दानांची नोंद दगडावर झाली. आपल्याला तर फक्त चौकशीला जायचंय.

आणि पोरांनो, पुण्यात, मुंबईत किंवा इथे रीतसर मालकीचं घर घेणार असाल, तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावावर निवासी घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या घरावर चाळीस हजार वाचतात. अट अशी की खरेदीदार फक्त महिलाच हव्यात, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. न्यायासाठी नाही तर चाळीस हजारांसाठी तरी करा.

डोंगरीत खोली घेऊ का असं ज्याने विचारलं होतं तो इथे दुसऱ्या रांगेत बसलाय. मी त्याला सांगितलंय, तुला रोज जे. जे.च्या बाजूला कामाला जायचंय, आई-वडिलांना तिथे ठेवायचंय, तर बघ. पण पावती तुझ्या आणि अम्मीच्या नावावर, सगळे पैसे बँकेतून, इमारतीचा वर्ग तपासून, आणि विकणाऱ्याच्या बहिणींना एक फोन करून. तो म्हणाला, त्यांना फोन कशाला, त्यांचं तर नाव नाही. म्हटलं, म्हणूनच.

ज्यांनी भाडेपावत्यांचे किंवा मिळकत पत्रिकेचे फोटो आणलेत त्यांनी जेवणानंतर थांबा, एकेक उघडून बघू. दोन वकील ताईही आल्या आहेत, त्या चारपर्यंत आहेत.